सव्वातीनशे मीटर करवंद

साळवेसाहेबांनी मला कामावर घेताना नाव विचारलं नाही. दात विचारले.

"बाई, दात किती आहेत?"

मी म्हटलं, "माझे, की घरातले सगळे मिळून?"

"आपले स्वतःचे."

"एक दाढ गेलीय. बाकीचे आहेत. का, चावायला ठेवताय का मला?"

"हो," ते म्हणाले आणि त्यांनी पानाच्या द्रोणातली काळीभोर करवंदं माझ्यापुढे धरली. "एकेक खायचं. गोड की आंबट ते सांगायचं. बी गिळायचं नाही, या डब्यात टाकायचं."

मी वीसेक खाल्ली. प्रत्येक करवंदामागे ते वहीत खूण करत होते. मधेच एक मी चवीचा विचार न करता गिळलं, तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू मी सरकारी कागद फाडला. शेवटी म्हणाले, "उद्यापासून या." माती चाळायची, पिशव्या भरायच्या, झारीने पाणी घालायचं, हे काम त्यांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं. पहिलं काम खाण्याचं.

त्याचं कारण असं की साहेबांना साखरेचा आजार होता. करवंदाला डॉक्टरांची बंदी आणि वर साळवेबाईंचा पहारा. पण आंबट करवंदाचं रोप करायचं नाही हा त्यांचा नियम. गोड फळ लागलं तर लोक कुंपण जपतात, आंबट लागलं तर तोडून टाकतात, असं ते म्हणायचे. फळ गोड आहे हे कळायला कुणीतरी ते खाल्लं पाहिजे. म्हणून मी.

हे पुण्यातल्या खराडीतलं. तेव्हा तिथे काचेच्या इमारती उभ्या राहायला लागल्या होत्या आणि कालपर्यंत बैलामागे चालणारी माणसं जीपमधून फिरत होती. आम्ही वाशिमकडचे. नवऱ्याचा कारखाना बंद पडला आणि तो अशाच एका काचेच्या इमारतीवर वॉचमन झाला. मी चौथी शिकलेली, मला ऑफिसात कोण घेणार? साळवेसाहेबांची पाच गुंठे जागा आमच्या खोलीपासून जवळ होती. त्यांनी ती नोकरीत असताना घर बांधायला घेतली होती. निवृत्त झाल्यावर तिथे घराऐवजी करवंदाची रोपं केली. राहायचे येरवड्याला, भाड्याच्या दोन खोल्यांत. रोज सकाळी बसने यायचे. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, पायात कॅनव्हासचे बूट. मातीत काम करायला असा माणूस मी दुसरा बघितला नाही.

साहेब सरकारच्या मोजणी खात्यात होते. चौतीस वर्षं त्यांनी लोकांच्या जमिनी मोजल्या आणि हद्दीचे दगड रोवले. त्यातून ते एकच गोष्ट शिकले, असं ते सांगत.

"दगड चालतात, बाई."

"दगड कसे चालतील?"

"मी एक दगड रोवला, की पुढच्या मोजणीला तो चार हात पलीकडे. विचारलं तर म्हणतात, पावसाने सरकला. पाऊस नेहमी शेजाऱ्याच्याच बाजूला ढकलतो. भिंतीही चालतात, पण त्यांना वेळ लागतो. तारेचं कुंपण तर पळतच असतं. न चालणारं एकच कुंपण मी पाहिलं. करवंदीचं. त्याला हात लावायला माणूस दोनदा विचार करतो आणि तिसऱ्यांदा घरी जातो."

भोर, वेल्हे, मुळशी या बाजूच्या डोंगरातल्या करवंदीच्या जाळ्या त्यांना गट नंबरांनी पाठ होत्या. "गट नंबर एकशे बारा, पूर्वेची जाळी. साखर. त्याच्या खालच्या अंगाला येणारी, ती नको, ती चिंच आहे." स्वतःच्या लग्नाची तारीख मात्र ते दरवर्षी विसरतात, असं साळवेबाई म्हणत.

चालताना ते पावलं मोजायचे. सवयच होती. त्यांचं पाऊल पाऊण मीटरचं, कमी नाही जास्त नाही. चालताना त्यांच्याशी बोलायला गेलं की हात वर करायचे, वाहतूक पोलिसासारखा. ठिकाणावर पोचले की आकडा वहीत लिहायचे आणि मग म्हणायचे, "हं. बोला." तोवर माणूस काय बोलणार होता ते विसरलेला असायचा.

साळवेबाई महापालिकेच्या दवाखान्यात नर्स होत्या. दर रविवारी डबा घेऊन यायच्या आणि रोपांच्या मधून फिरायच्या. रोपं बघायला नाही, घर बघायला. त्यांच्या डोक्यात ते बांधून झालेलं होतं. मी वाफ्यापाशी वाकलेली असले की म्हणायच्या, "मंदाबाई, जरा सरका, तुम्ही माझ्या न्हाणीघरात उभ्या आहात." पिशव्यांच्या रांगेकडे बोट करून, "इथे ओटा. खिडकी पूर्वेला." साहेब तिकडून म्हणायचे, "तिथे मागच्या वर्षीची रोपं आहेत." त्यावर बाई, "ती माझ्या ओट्यावर काय करताहेत?"

खरं सांगायचं तर साहेबांची रोपं कुणी घेत नव्हतं. लोक गाडीतून यायचे, क्रोटन मागायचे.

"क्रोटन नाही."

"मग काय आहे?"

"करवंद."

"आणि?"

"आणि करवंद."

"काका, मग बोर्डवर तसं लिहा ना."

"लिहिलंय. आपण वाचलं नाहीत."

गिऱ्हाईक गाडी वळवून जायचं. मी म्हणायचे, साहेब, चार क्रोटन ठेवायला काय जातं? ते म्हणायचे, क्रोटनवरून उडी मारून कुत्रंसुद्धा येतं.

मी लागले त्याच वर्षी एक कंपनी रोपं घ्यायला तयार झाली. कंपनीचे एक वयस्कर अधिकारी भोरकडचे होते, त्यांना करवंद म्हणताच तोंडाला पाणी सुटलं. तिथल्यातिथे ठरलं. इमारत उभी राहायला दोन वर्षं लागणार होती. ती झाली की सगळ्या हद्दीला करवंदीचं कुंपण. सव्वातीनशे मीटर, दुहेरी रांग, बाराशे रोपं, दोन-दोन वर्षांची. शेडमध्ये जुनी मोठी रोपं होती ती एवढी नव्हती, म्हणजे नव्याने बी पेरणं आलं.

साहेब त्या दिवशी येरवड्याला जाताना पावलं मोजायची विसरले. साळवेबाईंनी मात्र रविवारी येऊन निकाल दिला.

"अहो, ऐका. ही शेवटची. दोन वर्षं मी थांबते. कुंपण लागलं तर बरंच झालं. नाही लागलं तर इथे पाया खणायचा, ही रोपं ज्याला न्यायची त्याने न्यावीत, आणि पुन्हा करवंद हा शब्द माझ्यापुढे काढायचा नाही."

"शब्दसुद्धा?"

"शब्दसुद्धा."

साहेबांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "मान्य." मला नंतर म्हणाले, "बाई, एक. मला शहरात एकच कुंपण उभं राहिलेलं बघायचंय. लाख दगड रोवले, एक जागेवर नाही."

त्या मे महिन्यात ते डोंगरात गेले, गट नंबर धुंडाळून पोतंभर करवंदं घेऊन आले. मी चार दिवस खात होते. जिभेला चिरा पडल्या, ओठ चिकाने चिकटले. नवरा म्हणाला, तुला पगार देतात की चारा? दोन हजारांवर गोड बिया निघाल्या. तेवढ्यात साहेबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख आली. जाताना म्हणाले, "बाई, आठ दिवस मी नाही. बी नीट ठेवा."

मी नीट ठेवलं. आमच्याकडे बी ठेवायची रीत आहे. भोपळ्याचं असो, वालाचं असो, दोडक्याचं असो, रीत तीच. स्वच्छ धुतलं. शेडच्या पत्र्यावर कडक उन्हात चार दिवस वाळवलं. चुलीतली चाळलेली राख चोळली. फडक्यात बांधून टांगून ठेवलं. माझ्या आईने ठेवलेलं बी तिच्यामागे मी पेरलंय, इतकं ते टिकतं.

साहेब काळा चष्मा लावून आले. पुरचुंडी कानाशी धरून हलवली. आत खुळखुळ वाजलं.

"बाई, हे काय केलंत?"

"वाळवलं. राख लावली. दोन वर्षं कीड लागणार नाही."

"नाही लागणार," साहेब म्हणाले. "कोंबही नाही लागणार."

तेव्हा मला कळलं की करवंदाचं बी वेगळं. ते ओलं असतानाच पेरावं लागतं. वाळलं की मेलं. मी तरी ऐकलं नाही. त्यातल्या शंभर बिया हट्टाने पेरल्या. दोन उगवल्या. साहेबांनी त्या दोघींना वेगळी पाटी लावली, 'बाईंच्या रीतीचे'. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे.

मी माफी मागितली नाही. मला कुणी सांगितलं होतं? साहेबही रागावले नाहीत. टोपी काढून डोकं खाजवत म्हणाले, "चूक माझी. मी 'नीट' म्हणालो. नीट किती, हे मोजून सांगायला हवं होतं."

पण करवंदांचे दिवस संपत आले होते. डोंगरात जायला डॉक्टरांनी मनाई केलेली. एकच जागा उरली होती, स्वारगेट. वेल्ह्याकडच्या बायका एसटीने पाट्या घेऊन येतात त्या तिथे स्टँडबाहेर बसतात. आम्ही गेलो तेव्हा एकच बाई होती.

"शेवटची पाटी हाय साहेब. उद्यापास्नं न्हाई येनार."

पाटी अशी विकत घेऊन काही उपयोग नव्हता. कुठलं गोड, कुठलं आंबट, सगळं एकत्र. आणि माझी जीभ अजून बरी झाली नव्हती, माझ्या तोंडाला सगळं एकच लागत होतं. तेव्हा साहेबांनी पाटी घेतली आणि त्या बाईला म्हणाले, "तुम्ही बसून राहा. आज आपण फुकट वाटायचं." मग स्टीलचा डबा हातात घेऊन ते पाटीशेजारी उभे राहिले.

"या! करवंद फुकट! कोंबडा की कोंबडी ओळखा आणि खा!"

ज्याला ठाऊक नाही त्याच्यासाठी सांगते, करवंद दाताने तोडलं की आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरट निघालं तर कोंबडी. शाळेतली पोरं पैज लावतात. स्वारगेटला त्या दिवशी मोठी माणसं लावत होती. एक टायवाला तरुण कोल्हापूरच्या गाडीची वाट बघत होता. तो पहिल्यांदा नको म्हणाला. मग एक खाल्लं. "कोंबडा!" असा ओरडला की कंडक्टरने वळून बघितलं. त्याने पुरा द्रोण संपवला आणि तेवढ्यात त्याची गाडी गेली. तो साहेबांवर चिडला. साहेब म्हणाले, "गाडी दर तासाला आहे. करवंद वर्षाने. आता सांगा, शेवटचं गोड होतं का?"

प्रत्येकाच्या तोंडापुढे डबा. "गोड असेल तर बी इथे. गिळू नका. अहो आजोबा, गिळू नका म्हटलं ना!" वेल्ह्याची बाई मला म्हणाली, "ह्ये साहेब बरं हाईत न्हवं?" मी म्हटलं, बरे आहेत, सरकारी होते.

तेवढ्यात एक सभ्य बाई आल्या. त्यांनी काळा चष्मा बघितला, पुढे केलेला डबा बघितला, आणि पर्समधून नाणं काढून डब्यात टाकलं. टण्‌कन आवाज झाला. साहेबांनी वाकून आत बघितलं. नाणं काढलं, शर्टाला पुसलं, त्यांच्या हातात परत ठेवलं.

"बाई, हे उगवत नाही. करवंद खा आणि बी टाका."

दुपारपर्यंत पाटी रिकामी झाली. सोळाशे चौतीस गोड बिया. त्याच दिवशी राखेतल्या नाही, ओल्या बिया वाफ्यात गेल्या. तिसऱ्या आठवड्यात हिरवे ठिपके दिसायला लागले. साहेब रोज गुडघ्यावर बसून मोजायचे आणि काल मोजलेले परत मोजायचे. तेराशेच्या वर गेल्यावर थांबले.

करवंद सावकाश वाढतं. पहिल्या वर्षी टीचभर. दुसऱ्या वर्षी गुडघ्याला लागेल न लागेल. पण काटे पहिल्यापासून. पिशव्या हलवता हलवता माझे हात सोललेल्या वांग्यासारखे झाले. दोन वर्षांनी इमारत उभी राहिली. आणि भोरकडचे अधिकारी बदलून बंगळुरूला गेले.

त्यांच्या जागी निकिता मॅडम आल्या. पंचविशीतल्या, गळ्यात कार्ड, हातात दोन फोन. रोपं बघायला शेतात आल्या आणि पहिल्याच रांगेशी ओढणी अडकली.

"काका, अ‍ॅक्च्युअली हे थॉर्नी आहे."

"हो."

"म्हणजे याला काटे आहेत."

"थॉर्नी म्हणजे तेच असावं."

"आमच्या एम्प्लॉयीजना लागलं तर? वी नीड समथिंग फ्रेंडली. आम्ही एक इंपोर्टेड ग्रास बघितलंय."

"कुंपण फ्रेंडली हवं असेल तर लावूच नका, मॅडम. मोकळी जागा सगळ्यात फ्रेंडली."

मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, पंधरा दिवसांत कळवते. असं म्हणणारी माणसं काय कळवतात ते मला वॉचमनच्या घरात राहून ठाऊक होतं. साहेबांनाही ठाऊक होतं. ते एवढंच म्हणाले, "जागा तरी एकदा दाखवा. माझी रोपं कुठे लागणार नाहीत ते बघतो."

आम्ही गेलो. साहेब हद्दीने चालायला लागले. मॅडम काही सांगायला गेल्या तर त्यांचा हात वर. मॅडम मागे मागे चालायला लागल्या, त्यांच्यापुढे असा हात कुणी केला नसावा. पश्चिमेला आतल्या अंगाला एक जुनी विहीर होती आणि तिच्या पलीकडून तारेचं तात्पुरतं कुंपण गेलं होतं. पलीकडे दुसऱ्याच कुणाचं बांधकाम चालू होतं. साहेब विहिरीपासून तारेपर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. वहीत लिहिलं.

"हं. मॅडम, तुमची तार चालली आहे."

"सॉरी?"

"ही जमीन मी नोकरीत असताना मोजली आहे. विहिरीच्या कडेपासून हद्द माझ्या सव्वीस पावलांवर होती. आता चोवीस भरतात. दीड मीटर तुम्ही आत आलात. नाही, तुम्ही नाही. तुम्हाला आणलंय."

मॅडमनी त्यांच्याकडे जसं म्हाताऱ्या माणसाकडे बघतात तसं बघितलं. थँक यू म्हणाल्या.

ते पंधरा दिवस वाईट गेले. साळवेबाई रविवारी चुन्याची फक्की घेऊन आल्या आणि पाच गुंठ्यांवर घराच्या रेघा मारून गेल्या. साहेब त्या रेघा न पुसता, त्यांच्या मधल्या मधल्या रोपांना पाणी घालत राहिले. दिवाणखान्यात चारशे, न्हाणीघरात साठ. मी म्हटलं, साहेब, ही रोपं दुसऱ्या कुणाला देऊ. म्हणाले, "कुणाला, बाई? क्रोटनवाल्यांना?" त्या दिवशी त्यांनी जेवणाचा डबाही उघडला नाही. मला त्यांची कीव आली नाही, राग आला. एवढ्या शिकलेल्या माणसाने एका झुडपावर सगळं लावावं कशाला?

सोळाव्या दिवशी मॅडम स्वतः आल्या. कंपनीने सरकारी मोजणी आणली होती. पश्चिमेची तार एक मीटर चाळीस सेंटिमीटर आत सरकलेली निघाली. पलीकडच्या ठेकेदाराला विचारलं तर तो म्हणाला, पावसाने खांब सरकले.

मी मोठ्याने हसले. साहेब हसले नाहीत. ते म्हणाले, "एक मीटर चाळीस? मी दीड म्हणालो होतो. दहा सेंटिमीटर माझं वय झालं."

"काका, ते काटेवालं कधी पाठवताय?" मॅडम म्हणाल्या.

लागवडीला कंपनीची शंभरेक पोरंपोरी हातमोजे घालून आली. प्रत्येकाने एकेक रोप लावलं, त्याच्याशेजारी बसून फोटो काढला, आणि सगळी जेवायला गेली. ती शंभर रोपं आम्ही परत काढून दोरीत सरळ लावली. उरलेली अकराशे पुढच्या आठ दिवसांत. शेवटच्या रोपाची माती दाबून साहेब उठले आणि घरी गेले. भाषण वगैरे केलं नाही.

पुढच्याच महिन्यात साळवेबाईंनी पाया खणला. ओटा जिथे म्हणाल्या होत्या तिथेच केला. माझं काम गेलं. मी मॅडमना भेटले, तर त्यांनी कंपनीत साफसफाईच्या कामावर लावलं. म्हणजे मी आता कुंपणाच्या आत.

चारपाच वर्षांनी एके दिवशी दुपारी मागच्या बाजूला मी कचऱ्याच्या पिशव्या ठेवायला गेले. कुंपण आता छातीच्या वर गेलं होतं, आणि आतून तर एवढं गच्च की पलीकडची सडक दिसत नव्हती. पलीकडून फांद्या हलत होत्या. मला वाटलं बकरी असेल. मग पांढरा शर्ट दिसला.

"साहेब?"

"कोण? बाई तुम्ही का?"

"तिथे काय करताय? गेटवर या ना."

"गेटवर गेलो होतो. तो म्हणतो कार्ड दाखवा."

"थांबा, मी त्याला सांगते. मॅडमना फोन लावते. आत्ता आत घेतील."

"नको, नको. मला आत यायचं नाहीये. येता येतं का ते बघतोय."

तिकडच्या टोकापासून ते बघत बघत आले होते. दर चार पावलांवर हात घालून, खांदा लावून. आता शेवटचे दहाएक मीटर राहिले होते आणि तिथे त्यांचा उजवा हात दंडापर्यंत आत गेला आणि अडकला. मी आतून फांद्या बाजूला करायला गेले, तर ओरडले, "ओढू नका! किती घट्ट धरलंय ते बघू द्या."

गेटवरचा गडी आवाज ऐकून धावत आला. परप्रांतातला होता, घाबरला. कुठून तरी कात्री आणली आणि फांदी धरली.

"फांदी नाही!" साहेब म्हणाले. "शर्ट काप."

त्याने खांद्यापाशी शर्ट कापला. साहेबांनी हात काढला. पानांतून मला दिसलं, हातभर रक्ताच्या रेघा होत्या आणि ते त्या निवांत बघत होते. मग राहिलेले दहा मीटर त्यांनी डाव्या हाताने तपासले. गडी मागे मागे चालत होता, एवढ्या वेळात त्याने काठी बगलेत धरून टोपी नीट केली होती.

"कुठेच नाही, बाई," साहेब टोकावरून म्हणाले. "एक माणूस जात नाही."

आणि एका बाहीचा शर्ट घालून बस स्टॉपकडे गेले. मी त्यांना नंतर पाहिलं नाही. ते गेल्याचं साळवेबाईंकडून दोन महिन्यांनी कळलं.

ती बाही कुंपणात बरी दिसेना, म्हणून दुसऱ्या दिवशी मी काढायला गेले. अर्धा तास लागला आणि हाताला सात ओरखडे आले.